पंखा का ओरडतो

लॅपटॉपवर जड असं काही चाललेलं नसतं. ब्राउझरमध्ये तीन-चार टॅब, त्यातल्या एकात क्रिकेटची नाहीतर कीर्तनाची चित्रफीत. तरी पाच मिनिटांत पंखा असा घोंघावायला लागतो की शेजारच्या खोलीतून विचारणा व्हावी. पान खाली सरकवलं की मजकूर फरफटत मागून येतो. व्हिडिओ चालतो, पण मध्येच अडखळतो. आवाज पुढे जातो आणि ओठ मागे राहतात. आणि या सगळ्यात कुठेही एरर नाही, इशारा नाही, लाल चौकट नाही.

लिनक्सवर ब्राउझरचं ग्राफिक्स ॲक्सिलरेशन, म्हणजे चित्राचं काम जीपीयू या खास चिपकडून करून घेणं, बंद पडतं ते असंच, न सांगता. जीपीयू हाती लागला नाही तर काम थांबवायचं नाही, निमूटपणे सीपीयूकडून, म्हणजे मुख्य प्रोसेसरकडून, करून घ्यायचं, हे कर्नलपासून (सिस्टीमच्या गाभ्यापासून) ब्राउझरपर्यंत सगळ्यांचं ठरलेलं धोरण. धोरण चुकीचं नाही. पडदा काळा पडण्यापेक्षा रखडत चाललेला बरा. पण त्यामुळे बिघाडाची पहिली खबर सॉफ्टवेअरकडून न मिळता पंख्याकडून मिळते.

सीपीयूवर नेमकं काय येऊन पडतं? १९२० बाय १०८० च्या पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. प्रत्येकाला ४ बाइट धरले तर एक चित्र सुमारे ८.३ एमबीचं. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे जवळजवळ ५०० एमबी, आणि प्रत्येक चित्रासाठी हाताशी वेळ १६.७ मिलिसेकंद. हे नुसतं तयार रंग ठिकाणावर मांडण्याचं गणित झालं. सावल्या, पारदर्शक पट्ट्या, सरकणारे मेनू यांचा हिशेब अजून बाकी आहे. जीपीयूला हे किरकोळ काम. दोन कोअरच्या जुन्या सीपीयूची मात्र त्यात दमछाक होते.

पहिला गोंधळ इथेच होतो. ‘ॲक्सिलरेशन चालू आहे का?’ हा एक प्रश्न वाटतो, पण ते दोन आहेत. पान रंगवणं आणि थरांवर थर मांडणं हे एक काम. दाबून बारीक केलेला व्हिडिओ उलगडणं, म्हणजे डिकोड करणं, हे दुसरं. जीपीयूच्या आत या दोन कामांचे विभाग वेगळे आणि तिथवर पोचण्याचे रस्तेही वेगळे. पहिला रस्ता ओपनजीएल किंवा व्हल्कन या चित्र काढून घेण्याच्या प्रणालींचा, मेसा या लायब्ररीतून जाणारा. दुसरा व्हीए-एपीआय या व्हिडिओच्या प्रणालीचा, लिबव्हीए या लायब्ररीतून जाणारा. एक रस्ता मोकळा आणि दुसरा बंद, ही अवस्था अगदी नेहमीची. म्हणून पान लोण्यासारखं सरकतं आणि व्हिडिओ लागला की पंखा ओरडतो. ज्याला नुसतं ‘स्लो आहे’ एवढंच सांगता येतं, त्याला उत्तरही तेवढंच मोघम मिळतं.

तेव्हा आधी वाचायचं, मग हात लावायचा. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या जागी ‘अबाउट:सपोर्ट’ लिहून ग्राफिक्स विभागापर्यंत उतरायचं. (कमांड आणि पत्ते इथे कानाला येतात तसे लिहिले आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं.) तिथे कंपोझिटिंगपुढे ‘वेबरेंडर’ असेल तर जीपीयू कामावर आहे, पुढे कंसात ‘सॉफ्टवेअर’ असेल तर नाही. क्रोम आणि क्रोमियममध्ये ‘क्रोम://जीपीयू’ हे पान. लांबलचक आहे, पण वरची यादी आणि ‘प्रॉब्लेम्स डिटेक्टेड’ एवढं पहिल्या फेरीला पुरे. मग खाली जीएल रेंडरर ही ओळ शोधायची. तिथे तुमच्या चिपचं नाव हवं. ‘स्विफ्टशेडर’ दिसलं तर सगळं चित्र सीपीयू काढतो आहे. तो गूगलचाच सॉफ्टवेअर-चित्रकार.

वरच्या यादीतल्या हिरव्या अक्षरांवर मात्र फार विसंबू नये. ‘व्हिडिओ डिकोड: हार्डवेअर ॲक्सिलरेटेड’ याचा अर्थ दार उघडं आहे, एवढाच. समोर चाललेला व्हिडिओ त्या दारातून गेला की नाही, हे ती ओळ सांगत नाही. त्यासाठी व्हिडिओ चालू असताना डेव्हलपर टूल्स उघडायची, ‘मोअर टूल्स’मध्ये ‘मीडिया’ हा भाग निवडायचा आणि ‘हार्डवेअर डिकोडर’पुढे ट्रू आहे की फॉल्स ते बघायचं. त्याच्या जवळच डिकोडरचं नावही असतं. ‘एफएफएमपेग’, ‘व्हीपीएक्स’ किंवा ‘डेव्हवनडी’ने सुरू होणारं नाव म्हणजे सीपीयू राबतो आहे.

ब्राउझरमध्ये सॉफ्टवेअर रेंडरिंग दिसलं की ब्राउझर बंद करून टर्मिनलकडे वळावं, कारण दोष बहुधा खालच्या मजल्यावर असतो. डेबियन, उबुंटू, मिंट या लिनक्सच्या प्रकारांवर ‘मेसा-युटिल्स’ हे पॅकेज घालून ‘जीएलएक्स-इन्फो’ ही कमांड ‘वजा मोठा बी’ जोडून चालवायची. त्यात रेंडरर म्हणून ‘एलएलव्हीएमपाइप’ हे नाव आलं, तर ब्राउझर बिचारा निर्दोष आहे. तो मेसाचा सॉफ्टवेअर रेंडरर. अशा मशीनवर सगळा डेस्कटॉपच सीपीयूवर चाललेला असतो, आणि ब्राउझरच्या सेटिंगमध्ये तासभर घालवणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

एलएलव्हीएमपाइप दिसण्याचं एक कारण इतकं नेहमीचं आहे की ते सगळ्यांत आधी तपासावं: कर्नलला दिलेला ‘नोमोडसेट’ हा शब्द. लिनक्स घालताना पडदा काळा पडला की कोणीतरी ‘सेफ ग्राफिक्स’ किंवा ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ सुचवतं. त्या मोडमध्ये हाच शब्द असतो आणि तो इन्स्टॉलेशनपुरता ठीकही असतो. पण मग तो ग्रबच्या, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या, फाइलीत कायमचा जाऊन बसतो, किंवा कोणीतरी हाताने लिहून ठेवतं आणि विसरतं. त्याने इंटेलचा आय९१५ किंवा एएमडीचा एएमडीजीपीयू हा खरा ड्रायव्हर चढतच नाही. बूट होताना फर्मवेअरने आखून दिलेल्या साध्या पडद्यावर सगळा संसार चालतो. याच्या बाहेरच्या खुणाही आहेत. ब्राइटनेसची बटणं चालत नाहीत, दुसरा मॉनिटर दिसत नाही, रिझोल्यूशनच्या यादीत एकच आकडा असतो. या तिन्हींची तक्रार लोक तीन वेगवेगळ्या ठिकाणी करतात, ब्राउझरची चौथीकडे.

‘कॅट’ने ‘/प्रॉक/सीएमडीलाइन’ ही फाइल वाचली की हा शब्द आहे की नाही ते लगेच कळतं. असला तर थेट फाइल बदलू नये. पूर्वी काळा पडलेला पडदा पुन्हा काळा पडू शकतो. ग्रबचा मेनू आला की ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीतून तेवढा शब्द पुसायचा आणि एफ१० ने बूट करायचं. हा बदल त्या एका बूटपुरता असतो. नीट चालू झालं, तर मग ‘/इटीसी/डीफॉल्ट/ग्रब’मधून तो काढून ‘अपडेट-ग्रब’ चालवावं. काही बिनसलं, तर पॉवरचं बटण दाबून धरायचं, पुन्हा चालू करायचं. काही गमावलेलं नसतं.

नोमोडसेट नाही आणि तरी एलएलव्हीएमपाइप आहे, तर ‘/डेव्ह/डीआरआय’ या फोल्डरात काय आहे ते पाहावं. तिथे ‘कार्ड’ने सुरू होणारं एक नाव आणि ‘रेंडर-डी-१२८’ असं दुसरं दिसायला हवं. नुसतं कार्ड दिसणं फसवं आहे, कारण साधा पडदाही स्वतःला कार्ड म्हणून मांडतो. रेंडरचं नाव (अशा नावाला नोड म्हणतात) नसेल तर खरा ड्रायव्हर चढलेला नाही. एएमडीच्या मशीनवर याचं कारण बहुतेक वेळा फर्मवेअर. चिप जागी होताना तिला फाइलीतून काही सूचना भराव्या लागतात आणि त्या फाइली मुक्त परवान्याच्या नसल्याने डेबियनने त्या वर्षानुवर्षं वेगळ्या ठेवल्या होत्या. २०२३ च्या डेबियन १२ पासून इन्स्टॉलर त्या आपसूक घालतो; त्याआधीच्या मशीनवर ‘फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स’ हे पॅकेज हाताने घालावं लागतं. ‘डीमेसेज’ या कमांडने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींत ‘फर्मवेअर’ हा शब्द शोधला की न सापडलेल्या फाइलीचं नावच तिथे लिहिलेलं असतं.

नोड आहे, पण उघडायची परवानगी नाही, असंही होतं; विशेषतः दुरून लॉगिन केलेल्या किंवा नव्याने बनवलेल्या खात्यात. तेव्हा ते खातं ‘रेंडर’ आणि ‘व्हिडिओ’ या गटांत घालायचं: ‘यूजरमॉड’, ‘वजा ए मोठा जी’, गटांची नावं, खात्याचं नाव; मग लॉगआउट करून पुन्हा आत. त्यातला लहान ‘ए’ गाळू नये. तो गळला तर खातं बाकीच्या सगळ्या गटांतून बाहेर फेकलं जातं, प्रशासकाचे अधिकार देणाऱ्या सुडोमधूनसुद्धा, आणि मग ग्राफिक्सपेक्षा मोठं दुखणं हाती लागतं.

आता व्हिडिओ. इथे पाचव्या पिढीचा इंटेल घेऊ: २०१५ च्या आसपासचे, आतमध्ये एचडी ५५०० असलेले, ऑफिसांतून निघून जुन्या बाजारात आलेले लॅपटॉप. लिनक्सवर उत्तम चालतात, कीबोर्ड आजच्या बऱ्याच नव्यांपेक्षा चांगला असतो, आणि यूट्यूबवर मात्र तापतात. ‘व्हीए-इन्फो’ ही कमांड चालवली की या चिपची खरी क्षमता समोर येते. प्रत्येक ओळीत डावीकडे कोडेकचं, म्हणजे व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीचं, नाव आणि उजवीकडे काम असतं. ‘व्हीएलडी’ म्हणजे उलगडणं, ‘एन्कस्लाइस’ म्हणजे दाबून भरणं. एच.२६४ च्या दोन-तीन ओळी आहेत, व्हीपी८ आहे, एमपेग-२ आहे. व्हीपी९ नाही आणि एव्ही१ तर नाहीच. आता यूट्यूबच्या व्हिडिओवर उजवं क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा आणि कोडेकची ओळ वाचा: ‘व्हीपी०९’ किंवा ‘एव्ही०१’. म्हणजे समोरून येणारी गोष्ट या चिपला वाचताच येत नाही. ड्रायव्हर ठीक, ब्राउझर ठीक, सेटिंग ठीक. तरी काम सीपीयूवर पडतं, कारण त्या सिलिकॉनमध्ये तो विभागच नाही. इंटेलमध्ये व्हीपी९ पूर्णपणे हार्डवेअरमध्ये आलं ते सातव्या पिढीत, एव्ही१ अकराव्या पिढीत. कुठलाही फ्लॅग, म्हणजे ब्राउझरला द्यायची खास सूचना, ते मागे नेऊन पाचव्या पिढीत बसवणार नाही.

उपाय उलट बाजूने करायचा. ‘एच२६४-इफाय’ नावाचं एक छोटं एक्स्टेन्शन आहे. ते यूट्यूबला सांगतं की या ब्राउझरला व्हीपी९ आणि एव्ही१ येत नाही. मग यूट्यूब मुकाट एच.२६४ पाठवतं, कोडेकच्या ओळीत ‘एव्हीसी१’ दिसतं आणि काम जीपीयूकडे जातं. यूट्यूबचं एच.२६४ मात्र १०८०च्या वर जात नाही, आणि त्याच दर्जासाठी डेटा जास्त लागतो. १३६६ बाय ७६८ च्या पडद्यावर १०८०च्या वर कोणाला जायचं आहे म्हणा! मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बघणाऱ्याला मात्र डेटाचा मुद्दा खरोखर नडू शकतो. त्याने ७२० वर यावं. फायरफॉक्समध्ये एव्ही१ एवढंच टाळायचं असेल तर एक्स्टेन्शनही नको, ‘अबाउट:कॉन्फिग’मध्ये ‘मीडिया.एव्ही१.एनेबल्ड’ फॉल्स करावं.

व्हीए-इन्फो याद्या दाखवण्याऐवजी ‘वजा १’ची एरर देऊन थांबलं, तर व्हीए-एपीआयचा ड्रायव्हर नाही किंवा चुकीचा उचलला गेला आहे. इंटेलचे असे दोन ड्रायव्हर आहेत: जुना आय९६५ आणि नवा आयएचडी. पाचव्या पिढीपासून पुढच्या चिपना आयएचडी चालतो, त्याआधीच्यांना आय९६५ च लागतो. पाचवी पिढी दोघांच्याही हद्दीत येते, त्यामुळे एकाशी जमलं नाही तर दुसरा घालून ‘लिबव्हीए ड्रायव्हर नेम’ या पर्यावरण-चलात (एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये) त्याचं नाव देऊन बघता येतं.

लिनक्सचा आणखी एक प्रकार असलेल्या फेडोरावाल्यांची गोष्ट वेगळी. एच.२६४ आणि एच.२६५ च्या पेटंटमुळे सप्टेंबर २०२२ मध्ये फेडोराने आपल्या मेसातून त्यांचं हार्डवेअर डिकोडिंग काढून टाकलं. एएमडीच्या मशीनवर एका अपडेटनंतर ‘कालपर्यंत चालत होतं’ ही तक्रार आली ती त्यामुळे. आरपीएम फ्यूजन हा बाहेरचा पॅकेज-साठा जोडून ‘डीएनएफ स्वॅप’ने ‘मेसा-व्हीए-ड्रायव्हर्स’च्या जागी त्याचीच ‘फ्रीवर्ल्ड’ आवृत्ती आणली की व्हीए-इन्फोची यादी परत भरते.

फायरफॉक्सने लिनक्सवर हार्डवेअर डिकोडिंग आपणहून चालू केलं ते इंटेलसाठी आवृत्ती ११५ मध्ये, २०२३ साली, आणि एएमडीसाठी आवृत्ती १३६ मध्ये, २०२५ साली. म्हणजे ‘अबाउट:कॉन्फिग’मध्ये अमुक चार ओळी बदला असं सांगणारे बरेचसे जुने सल्ले आज निरुपयोगी आहेत. आधी आवृत्ती बघा. एच.२६४ साठी फायरफॉक्सला सिस्टीममधली ‘लिब-एव्ही-कोडेक’ ही लायब्ररी लागते, हे मात्र अजून खरं आहे.

एनव्हिडियाबद्दल थोडक्यात. त्यांच्या स्वतःच्या ड्रायव्हरमध्ये व्हीए-एपीआय नाही, त्यामुळे फायरफॉक्समधल्या व्हिडिओसाठी ‘एनव्हिडिया-व्हीएएपीआय-ड्रायव्हर’ हा वेगळा दुभाषा घालावा लागतो. ‘एनव्हिडिया-एसएमआय’ या कमांडने ‘ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच’ म्हटलं तर घाबरू नये: अपडेटने फाइली बदलल्या आहेत, पण मेमरीत ड्रायव्हरचं जुनं मॉड्यूल आहे. रीस्टार्ट करावं. रीस्टार्टनंतरही ड्रायव्हरशी बोलता येत नाही असं आलं, तर नव्या कर्नलच्या हेडर्स या फाइली नसल्याने मॉड्यूल बांधलं गेलं नाही, किंवा सिक्युअर बूटने सही नसलेलं मॉड्यूल दारातच अडवलं. फ्लॅटपॅकमधून, म्हणजे स्वतंत्र डब्यात बांधून आलेला, ब्राउझर चालवणाऱ्यांनी ड्रायव्हरच्या प्रत्येक अपडेटनंतर ‘फ्लॅटपॅक अपडेट’ही करावं, डब्याच्या आतली ड्रायव्हरची आवृत्ती बाहेरच्याशी तंतोतंत जुळावी लागते.

सगळ्यांत घाबरवणारी तक्रार ही बहुधा सगळ्यांत सोपी निघते. मेसाचं अपडेट झालं, क्रोम उघडलं आणि अक्षरांच्या जागी रंगीत ठिकऱ्या, काळे चौकोन, नाहीतर सगळंच रिकामं. जीपीयू मेला असं वाटतं. झालेलं असतं एवढंच: क्रोमने जुन्या ड्रायव्हरसाठी तयार करून ठेवलेले शेडर, म्हणजे जीपीयूवर चालणारे छोटे प्रोग्राम, नव्या ड्रायव्हरला दिले गेले. ब्राउझर पूर्ण बंद करायचा (पार्श्वभूमीतही उरलेला नाही ना, ते बघून), ‘.कॉन्फिग’मधल्या त्याच्या फोल्डरातले ‘जीपीयूकॅश’, ‘शेडरकॅश’ आणि ‘जीआर-शेडरकॅश’ पुसायचे आणि पुन्हा उघडायचं. पासवर्ड, बुकमार्क यांना धक्का लागत नाही. पहिली दोन-चार पानं किंचित अडखळतील, कारण शेडर नव्याने बनत असतात.

मराठी वाचणाऱ्यांना आणखी एक खूण लवकर दिसते. वेलँड या पडदा सांभाळणाऱ्या नव्या पद्धतीवर पडद्याचं स्केल १२५ टक्के ठेवलं आणि ब्राउझर मात्र जुन्या एक्स११ च्या पद्धतीने एक्सवेलँडमधून चालत असला, तर बऱ्याच डेस्कटॉपवर आधी चित्र काढून मग ते ताणलं जातं. रोमन अक्षरांत हा धूसरपणा खपून जातो. देवनागरीत शिरोरेषा फुटते: एका शब्दावर जाड, पुढच्यावर करडी, आणि ‘थ’ आणि ‘य’ यांतला फरक डोळे बारीक करून शोधावा लागतो. लोक फाँट बदलत बसतात. फाँटचा काही दोष नसतो. फायरफॉक्स आवृत्ती १२१ पासून वेलँडवर थेट चालतो. ‘अबाउट:सपोर्ट’मध्ये ‘विंडो प्रोटोकॉल’पुढे वेलँड आहे ना, ते बघावं. क्रोमच्या जुन्या आवृत्तीत ‘क्रोम://फ्लॅग्ज’मधला ‘प्रिफर्ड ओझोन प्लॅटफॉर्म’ तपासावा.

फ्लॅगांचा विषय निघालाच आहे. क्रोममधली ब्लॉकलिस्ट, म्हणजे ज्या चिप-ड्रायव्हरच्या जोड्यांवर ॲक्सिलरेशन मुद्दाम बंद ठेवायचं त्यांची यादी, ओलांडणारा एक फ्लॅग आहे. जिथे तिथे तोच पहिला उपाय म्हणून सांगितला जातो, आणि ते बरोबर नाही. त्या यादीतल्या बऱ्याच नोंदींमागे कोणाचं तरी मशीन खरंच गोठलेलं असतं. लावून बघायला हरकत नाही, पण मग कर्नलच्या नोंदींवर लक्ष ठेवावं. ‘जीपीयू हँग’ किंवा ‘रिंग जीएफएक्स टाइमआउट’ अशा ओळी दिसल्या तर फ्लॅग काढावा. सावकाश चालणारं पान गोठलेल्या पडद्यापेक्षा परवडलं.

त्याहून वाईट म्हणजे विसरलेले फ्लॅग. कधीकाळी कोणीतरी ‘यूज-जीएल बरोबर डेस्कटॉप’ हा फ्लॅग सुचवलेला असतो, आणि तो होम फोल्डरात उतरवलेल्या डेस्कटॉप फाइलीत (मेनूतलं चिन्ह जिच्यावरून चालतं ती), ‘एक्झेक’च्या ओळीत लिहिलेला असतो. तेव्हा तो उपयोगी होता. नंतर क्रोमियमने तो पर्यायच काढून टाकला. पण होममधली फाइल सिस्टीमच्या फाइलीवर मात करते, पॅकेजच्या अपडेटने ती बदलत नाही, आणि प्रत्येक क्लिकबरोबर ब्राउझरला न समजणारी मागणी जात राहते. टर्मिनलमधून क्रोम चालवलं की सगळं हिरवं, मेनूतून चालवलं की सॉफ्टवेअर, असा चकवा दिसला तर हेच. तीच एक्झेकची ओळ टर्मिनलमध्ये चिकटवून चालवली की एक लांब तक्रार उमटते: मागितलेलं जीएल इम्प्लिमेंटेशन परवानगी असलेल्यांच्या यादीत नाही. ‘.लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स’मधली ती फाइल पुसायची, ब्राउझर पूर्ण बंद करून मेनूतून उघडायचा.

मग शेजारच्या खिडकीत ‘इंटेल-जीपीयू-टॉप’ ही कमांड सुडोने चालू ठेवून पुन्हा तोच व्हिडिओ लावायचा. ‘रेंडर’ची पट्टी हलत असते, ती पान रंगवण्याची. तिच्या खाली ‘व्हिडिओ’ असं लिहिलेली दुसरी पट्टी असते, आतापर्यंत शून्यावर पडलेली. ती वर चढली की डिकोडिंग खरंच जीपीयूवर गेलं. पंखा लगेच गप्प बसत नाही; आतला तांब्याचा पाइप निवायला मिनिट-दोन मिनिटं लागतात.